अठरा हजारांची फी भरण्याआधी

वाचक भगिनीचे पत्र :

‘आदरणीय ताई, माझे वय एकोणतीस असून मी खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका खेड्यात राहते. बेळगावात बी.कॉम. झाले. पती गोव्यात नोकरीस आहेत आणि पंधरवड्यातून एकदा घरी येतात. सव्वातीन एकर जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे. दीड एकरात भात, एकरभर ऊस आणि उरलेल्या माळावर काजूची जुनी झाडे आहेत. मामंजी सहासष्ट वर्षांचे आहेत, त्यांना आता सगळे झेपत नाही, आणि शेती पडीक पडू नये असे मला मनापासून वाटते. आधुनिक व शाश्वत शेतीचा सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा मला फोनवर दिसला. फी १८,५०० रुपये आहे. प्रमाणपत्र सरकारमान्य असल्याचे आणि नोकरीची हमी असल्याचे ते सांगतात व महिनाअखेरपर्यंत पैसे भरायला सांगतात. मामंजी म्हणतात, मोबाईल बघून कुणी शेती शिकतं का? कन्नड मला ऐकून समजते, पण वाचता येत नाही. जमीन माझ्या नावावर नसताना या प्रमाणपत्राचा मला कर्जासाठी किंवा अनुदानासाठी उपयोग होईल का? फी भरू की नको?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण महिनाअखेर जवळ आली आहे. ही फी आता भरू नका. शिकायचे मात्र नक्की, आणि तेही याच महिन्यापासून. तुम्हाला आज ज्या गोष्टी शिकण्याची गरज आहे त्यांतील बहुतेक विनाशुल्क किंवा अगदी थोड्या खर्चात शिकता येतात, आणि ज्या गोष्टी पैसे देऊनही पडद्यावर शिकता येत नाहीत त्यांच्यासाठी वेगळी जागा शोधावी लागते. एक भात हंगाम या पद्धतीने शिकून पाहा. त्यानंतरही अमुक एक विषय आपल्याला अपुरा पडतो असे नेमकेपणाने सांगता आले, तर त्या विषयापुरती फी भरण्यास माझी हरकत नाही.

‘सरकारमान्य’ हा शब्द जाहिरातीत फार सैलपणे वापरला जातो, म्हणून त्याचा अर्थ नीट पाहू. एखाद्या संस्थेची लघुउद्योग म्हणून नोंदणी झालेली असते, एखादीकडे आयएसओचे प्रमाणपत्र असते, आणि दोन्हींच्या मुद्रा जाहिरातीत ठळकपणे छापल्या जातात. त्या नोंदणीचा अर्थ इतकाच की तो व्यवसाय कागदोपत्री अस्तित्वात आहे. तेथे शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमाला त्यामुळे कोणतीही मान्यता मिळत नाही. देशात व्यवसाय प्रशिक्षणाच्या मान्यतेचे काम २०१८ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद करते आणि शेतीतील कामांची कौशल्य मानके भारतीय कृषी कौशल्य परिषद तयार करते. सेंद्रिय शेती उत्पादक, रोपवाटिका कामगार, अळंबी उत्पादक अशा प्रत्येक कामासाठी एक स्वतंत्र मानक असते आणि त्याला ‘एजीआर’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा संकेतांक असतो. तुम्ही त्या संस्थेला लेखी विचारा : अभ्यासक्रमाचा संकेतांक कोणता, त्याची पातळी कोणती, परीक्षा कोण घेणार, आणि प्रात्यक्षिक कोणत्या गावात, किती दिवस होणार? बेळगाव किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या जुन्या विद्यार्थ्याशी बोलणे करून द्या, असेही सांगा. उत्तराऐवजी ‘आजच भरा, सवलत संपते आहे’ असा निरोप आला, तर तोच तुमच्या प्रश्नाचा निकाल समजावा.

नोकरीच्या हमीविषयी मला एवढेच विचारावेसे वाटते की नोकरी तुम्हाला हवी आहे का? तुमच्या पत्रात ती इच्छा मला कोठेच दिसली नाही. तुम्हाला सव्वातीन एकर राखायचे आहे. पुढे कधी बी-बियाणे, खते व औषधांचे दुकान काढण्याचा विचार झाला, तर त्या परवान्यासाठी ठरावीक पात्रता लागते आणि कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी ‘देसी’ नावाचा एक वर्षाचा स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम आहे, जो हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेने २००३ मध्ये सुरू केला. जाहिरातीतील डिप्लोमा त्या कामी येईल असे गृहीत धरू नये.

आता मामंजींच्या बोलण्याकडे वळते, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्यांचे आहे. ते अर्धे खरे आहे, आणि कोणते अर्धे खरे हे ओळखता आले तर पुढचा मार्ग सोपा होतो. काही वर्षांपूर्वी मी गांडूळखताचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला. चाचणीत चांगले गुण मिळाले. वाफ्याची लांबी-रुंदी, सावली, गांडुळांची जात, सगळे मला पाठ होते. घरच्या गोठ्यातील शेण आठवडाभर बाहेर ठेवून मी वाफा भरला, गांडुळे सोडली, आणि चौथ्या दिवशी पाहिले तर अर्धी मेली होती व उरलेली कडेने बाहेर पडत होती. शेण पुरते निवाले नव्हते, आत ऊब धरली होती. ‘जुने शेण वापरावे’ हे वाक्य धड्यात होते आणि मी ते वाचलेही होते, पण जुने म्हणजे हाताला कसे लागते हे मला ठाऊक नव्हते. शेजारच्या आजीने मुठीत शेण धरून सांगितले की अजून पंधरा दिवस थांब आणि अधूनमधून पाणी मारून खालीवर कर. दुसऱ्या खेपेला खत उत्तम झाले. धडा चुकीचा नव्हता आणि आजीचा हातही चुकीचा नव्हता. मी दोहोंपैकी एकालाच विचारले होते.

भाताचे उदाहरण घेऊन हे अधिक स्पष्ट करते, कारण भात तुमच्या घरचा आहे. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेली चारसूत्री लागवड तुम्ही मराठी व्हिडिओंत पाहिली असेल. पहिले सूत्र पिकाचे अवशेष जमिनीला परत देण्याचे : भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायची आणि पेंढा शेतात गाडायचा. दुसरे सूत्र गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) हिरवा पाला गुंठ्याला सुमारे ३० किलो या प्रमाणात चिखलणीआधी पसरून गाडण्याचे. तिसरे नियंत्रित लावणीचे : दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या खुणा आलटून-पालटून करून चार-चार चुडांचे (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांचे) चौकोन तयार करायचे व एका चुडात दोन-तीनच रोपे लावायची. चौथे सूत्र युरिया-डीएपीच्या गोळीचे : २.७ ग्रॅमची एक गोळी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. हिशेब केला तर गुंठ्याला साधारण ६२५ गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत खत लागते.

या पद्धतीमागची कारणे फोन तुम्हाला फार चांगली शिकवू शकतो. राखेतील सिलिकॉनमुळे रोपाची काडी कणखर होते. ती लोळत नाही आणि खोडकिडीला सहज दाद देत नाही. वरून फेकलेल्या युरियातील नत्राचा मोठा भाग पाण्याबरोबर वाहून जातो किंवा वायुरूपाने उडून जातो, तर खोल खोचलेल्या गोळीतील नत्र मुळांच्या शेजारी हळूहळू मिळत राहते. खानापूरच्या पश्चिमेला आषाढात जो पाऊस कोसळतो, त्यात बांधावरून फेकलेल्या खताचे काय होत असेल याची कल्पना करा. मामंजींनी चाळीस वर्षे खत फेकले आहे, त्यामुळे ‘कशासाठी’ हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसेल. तो विचारण्याची सवय तुम्हाला चांगला अभ्यासक्रम लावतो, आणि ऑनलाइन शिक्षणाचे खरे मोल मला तेथेच दिसते.

परंतु चिखल किती बसला म्हणजे गोळी खोचल्यावर भोक आपोआप बुजते, तरवा (रोपवाटिकेतील रोपे) किती दिवसांचा झाला म्हणजे काढताना मुळे तुटत नाहीत, पावसाने उघडीप दिली नाही तर बांध कोठे फोडायचा, हे त्याच शिवारात सांगता येते आणि ते सांगणारा माणूस तुमच्या घरात आहे. शिवाय ही पद्धत रोप लावणीसाठी आहे. तुमच्या दीड एकरापैकी जेवढ्या भागात धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीत) पेरणी होते तेथे चुडांचे चौकोन जुळवता येत नाहीत, आणि ही गोष्ट आपल्या भागाची माहिती नसलेल्या शिक्षकाच्या बोलण्यात येणारच नाही. म्हणून माझी सूचना अशी की यंदा फक्त पाच गुंठ्यांत चारसूत्री करावी, बाकीचे मामंजींच्या पद्धतीने होऊ द्यावे, आणि सुगीला दोन्हीकडचे भात वेगवेगळे मोजावे. सहासष्ट वर्षांच्या शेतकऱ्याशी वाद घालण्यापेक्षा त्याच्यासमोर दोन पोती ठेवणे अधिक आदराचे आहे.

तुमच्यासारख्या सीमाभागातील शिकणाऱ्यांची एक अडचण दोन्ही राज्यांतील इतर लोकांच्या लक्षात येत नाही. मराठीत शेतीचे जे उत्तम साहित्य आहे ते महाराष्ट्रातील शेतकऱ्यासाठी तयार झाले आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ यांच्या शिफारशी तुम्हाला बऱ्याच अंशी उपयोगी आहेत, कारण चंदगड आणि आजऱ्याची जमीन, पाऊस व पिके खानापूरच्या पश्चिम भागाला जवळची आहेत. माती काही राज्याची सीमा पाहून बदलत नाही. मात्र त्याच व्हिडिओच्या शेवटी जेव्हा सातबारा, कृषी सहायक आणि महाडीबीटीचे संकेतस्थळ यांचा उल्लेख सुरू होतो, तेव्हा तो भाग तुमच्यासाठी संपला असे समजावे. तुमच्याकडे सातबाऱ्याच्या जागी कर्नाटकाचा उतारा आहे, कृषी सहायकाच्या जागी होबळीचे (तालुक्यातील महसुली विभागाचे) रयत संपर्क केंद्र आहे आणि अर्जासाठी ‘फ्रूट्स’ या प्रणालीतील शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे एफआयडी, लागतो. पिकाची विद्या मराठीतून घ्यावी आणि योजनेची माहिती कर्नाटकाच्या कार्यालयातून घ्यावी, ही विभागणी पाळली तर पुष्कळ हेलपाटे वाचतील. शेजारच्या राज्यातील योजनेचा अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागणारी माणसेही आपल्या भागात भेटतात, त्यांच्यापासून सावध राहावे.

कन्नड वाचनाचे मनावर घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. त्यात आपल्या भाषेवरील प्रेमाला कोठेही बाधा येत नाही. कर्नाटक सरकारची परिपत्रके, माती परीक्षणाचा अहवाल, औषधाच्या डब्यासोबतचे पत्रक, प्रशिक्षणाची सूचना हे सगळे त्या लिपीत येते आणि ते वाचून घेण्यासाठी दर वेळी दुसऱ्याच्या दारी जावे लागणे हे शेतकऱ्याचे नुकसान आहे. तुम्हाला बोली समजते, म्हणजे अर्धे काम झालेच आहे. अक्षरे महिनाभरात लागतात. सुरुवातीला शेतीचेच शब्द घ्या : भत्त म्हणजे भात, कब्बु म्हणजे ऊस, गोडंबी म्हणजे काजू, मण्णु म्हणजे माती, गोब्बर म्हणजे खत. प्रशिक्षणाला तेथे ‘तरबेति’ म्हणतात, जो जुन्या मराठीतील ‘तरबेत’ या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. तोवर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून काम भागवता येईल, पण औषधाच्या मात्रेचा आकडा मात्र भाषांतरावर विसंबून ठरवू नका, दुकानदाराकडून किंवा रयत संपर्क केंद्रातून खात्री करून घ्या.

शिकण्याच्या जागांविषयी. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर २०१७ पासून विद्यापीठ दर्जाचे अभ्यासक्रम विनाशुल्क पाहता येतात. शुल्क लागते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. शेतीचे बहुतेक अभ्यासक्रम तेथे इंग्रजीत आहेत, परंतु तुम्ही पदवीधर आहात, तेव्हा मृदाशास्त्राचा किंवा सेंद्रिय शेतीचा एखादा अभ्यासक्रम तुम्ही झेपवू शकाल असे मला वाटते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे सेंद्रिय शेतीचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आहे आणि बारावी उत्तीर्ण असलेल्याला ते करता येते. ज्या डिप्लोम्याची जाहिरात तुम्ही पाहिलीत त्याच्याशी याची तुलना करून पाहा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे कृषी शिक्षण मराठीत आहे ही तुमच्या दृष्टीने मोठी सोय, पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र चालवता येत नाही, त्यामुळे प्रात्यक्षिकासाठी व परीक्षेसाठी तुम्हाला कोल्हापूर जिल्ह्यात जावे लागेल. घरची गुरे आणि वयस्क सासरे सांभाळून ते जमेल का, याचा विचार तुम्हीच करायचा आहे.

हाताचे शिक्षण जेथे मिळते त्या जागा मी याहून वरच्या मानते. बेळगाव जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रे आहेत : एक तुक्कानट्टीला आणि दुसरे बैलहोंगल तालुक्यातील मत्तीकोप्प येथे. तुम्हाला मत्तीकोप्प जवळचे. शेतकरी, शेतकरी महिला आणि ग्रामीण युवक यांना प्रत्यक्ष करून शिकवणे हेच या केंद्रांचे काम असून त्यासाठी जमीन स्वतःच्या नावावर असावी लागत नाही. वर्षभरातील प्रशिक्षणांचे वेळापत्रक आधी विचारून ठेवा. अळंबी, कलमे, गांडूळखत, मधमाशी हे विषय अशा ठिकाणी दोन-चार दिवसांत हाताखालून जातात. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा कृषी मेळा बहुधा सप्टेंबरात असतो. लोंढ्यावरून रेल्वेने जाऊन संध्याकाळी परतता येते, आणि मामंजींना सोबत नेले तर तो दिवस साऱ्या अभ्यासक्रमापेक्षा अधिक कामाचा ठरेल. बँकांतर्फे चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थाही आहेत. ही कल्पना १९८२ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यातील उजिरे येथे सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. तेथील प्रशिक्षण, राहणे व जेवण विनामूल्य असते. तुमच्या शेजारच्या हल्याळला अशी एक संस्था आहे. घर सोडून आठ-दहा दिवस राहणे तुम्हाला कठीण असेल, हे मी जाणते; पतीची रजा आणि प्रशिक्षणाच्या तारखा जुळवता येतील का, हे त्यांच्याशी बोलून पाहा. पंधरवड्याला घरी येणाऱ्या माणसानेही या शेतीसाठी एवढे करावे, असे माझे मत आहे.

कर्ज आणि अनुदान यांबाबत थोडक्यात. प्रमाणपत्रामुळे अनुदान मिळत नाही. ते उताऱ्यावरील नाव आणि एफआयडी यांवर मिळते, म्हणजे अर्जदार मामंजीच राहतील. तुम्ही त्यांच्या वतीने कागद नीट ठेवावेत. किसान क्रेडिट कार्डासाठीही कोणत्याही डिप्लोम्याची अट नाही. तुम्हाला स्वतःच्या नावाने काही उभे करायचे असेल तर गावातील स्त्रीशक्ती किंवा ‘संजीवनी’ या कर्नाटक सरकारच्या योजनांअंतर्गत बचत गटातून सुरुवात करणे सोयीचे, कारण गटाला कर्ज देताना जमिनीचा उतारा मागितला जात नाही.

विषय कोणते निवडावेत हे आता तुमच्या शेताकडे पाहून सांगते. जाहिरातीत हायड्रोपोनिक्स आणि पॉलिहाऊस यांची छायाचित्रे असणार. ती दोन्ही भांडवलाची व अखंड विजेची शेती आहे, आणि आपल्या भागातील वीज कशी असते हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या घरात तीन गोष्टी आधीच आहेत : उसाचे पाचट, भाताचे पिंजर आणि काजूची जुनी झाडे.

ऊस तोडणी सध्या सुरूच असेल. तुमचा फड तुटल्यावर पाचट पेटवू देऊ नका, हा या वर्षाचा तुमचा पहिला धडा समजा. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते, म्हणजे तुमच्या एकरात तीन ते चार टन सेंद्रिय पदार्थ एका काडीने जळून जातो. बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचट सरीत बसवावे, आणि एकरी सुमारे ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक त्यावर टाकून पाणी द्यावे. पाचटाखाली ओल टिकते, तण दबते, भांगलणीची मजुरी वाचते. मामंजी उंदरांची व वणव्याची भीती घालतील, आणि ती भीती निराधार नाही. म्हणून पहिल्या वर्षी अर्ध्या एकरातच करा आणि कडेचा पट्टा मोकळा ठेवा.

काजूबाबत दापोली विद्यापीठाच्या वेंगुर्ला येथील संशोधन केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ या जाती तुमच्या माळाला योग्य आहेत. जुन्या झाडांच्या जागी हळूहळू कलमे येऊ द्यावीत. सध्या मोहोर असेल, तेव्हा कोवळ्या फुटीवर आणि मोहोरावर ढेकण्या या किडीचा डाग कसा दिसतो हे आधी फोनवर नीट पाहून घ्या व नंतर प्रत्येक झाडाखाली उभे राहून शोधा. रोग-किडींची ओळख ही पडद्यावर उत्तम शिकता येणारी गोष्ट आहे. मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या खोडावर केलेले) बांधणे मात्र पाहून येत नाही. पन्नास कलमे वाया गेल्यावरच हात बसतो, म्हणून ते केंद्रातच शिकावे. हात बसल्यावर रोपवाटिका हा तुमच्यासारख्या, घराभोवतीच थांबावे लागणाऱ्या बाईसाठी खरोखर चांगला जोडधंदा आहे, आणि माझ्या दृष्टीने जाहिरातीतील कोणत्याही ‘हमी’पेक्षा तो अधिक भरवशाचा आहे.

अळंबीचे नाव मी थोडे बिचकत घेते. धिंगरी अळंबी पिंजरावर येते, तिला २० ते ३० अंश तापमान आणि भरपूर दमट हवा लागते, आणि पावसाळ्यात या दोन्ही गोष्टी तुमच्याकडे फुकट आहेत. पण ताजी अळंबी एक-दोन दिवसांत विकावी लागते. बेळगावला किंवा गोव्याला रोज माल पोहोचवणारा कोणी भेटेपर्यंत दहा पिशव्यांच्या पुढे जाऊ नये. पतीची नोकरी गोव्यात आहे, तेव्हा तेथील हॉटेलांत चौकशी करण्याचे काम त्यांच्याकडे द्या.

तुमच्या बाजूला रेंज कशी येते-जाते याची मला कल्पना आहे. धडे खानापूरला बाजाराला जाल तेव्हा उतरवून घ्या, रात्री अर्धा तास पाहा, आणि एका वहीत डाव्या पानावर धड्यातील वाक्य व उजव्या पानावर ‘आपल्याकडे काय होते’ हे लिहा. उजवे पान मामंजींना विचारून भरायचे. हवामानासाठी ‘मेघदूत’ हे ॲप ठेवा, त्यात मंगळवारी व शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो. अडल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या विनामूल्य क्रमांकावर सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत विचारता येते. कर्नाटकातून लावल्यावर बहुधा कन्नडमध्ये बोलणे होईल, आणि ते तुम्हाला समजतेच.

राहिले ते माती परीक्षण. भात कापलेल्या शेतातील ओल एप्रिलपर्यंत उतरेल, तेव्हा वळीव पडण्याआधी नमुना घ्या. बांध, झाडाची सावली आणि शेणखताचा ढीग टाळून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करा, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडून घ्या, सगळी एकत्र करून तिचे चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करत राहा. खताच्या रिकाम्या पोत्यावर ती माती अजिबात पसरू नका. भात, ऊस आणि काजूचा माळ यांचे नमुने वेगळे बांधा, प्रत्येकात नाव, शेताची खूण आणि मागचे पीक लिहिलेली चिठ्ठी टाका, आणि रयत संपर्क केंद्रात मामंजींना सोबत घेऊन जा, कारण एफआयडी त्यांचा आहे आणि कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते हेही त्यांनाच ठाऊक आहे. अहवाल कन्नडमध्ये आला की त्याची प्रत मला पाठवा. तो कसा वाचायचा हे पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.